जपलेले कागद, जाळलेले कागद



ज्यांच्या स्मरणार्थ ही व्याख्यानमाला चालते ते पेशाने ग्रंथपाल होते. पुस्तकं सांभाळणं हे तर त्यांचं कामच. पण परत आलेल्या पुस्तकांच्या पानांत राहून गेलेली नाटकांची हँडबिलं, लग्नपत्रिका, वाण्याच्या चिठ्ठ्या, आगगाडीची तिकिटं यांतलंही काही ते केराच्या टोपलीत जाऊ देत नसत. असल्या कागदाला कोणी विचारत नव्हतं त्या काळात त्यांनी हे केलं. त्यांच्या स्मृतीला साजेसा विषय म्हणून मी आज एकोणिसाव्या शतकातल्या व्हॅलेंटाइन पत्रांबद्दल, आणि त्या निमित्ताने त्या शतकातल्या एकूणच किरकोळ छापील कागदाबद्दल बोलणार आहे.

१४ फेब्रुवारीबद्दल आपल्याकडे बाजूने आणि विरुद्ध पुष्कळ बोललं गेलं आहे. त्या वादात मला शिरायचं नाही. माझा प्रश्न इतिहासाच्या विद्यार्थ्याचा आहे. एका दिवसापुरता केलेला, एका माणसाने दुसऱ्याला धाडलेला कागद दीडशे-दोनशे वर्षांनी आपल्यापुढे येतो, तेव्हा तो आला कसा? कोणी ठेवला? का ठेवला? आणि ज्या कागदांना ठेवणारं कोणी भेटलं नाही, त्यांचा हिशेब कसा लावायचा? माझं आजचं सांगणं थोडक्यात एवढंच आहे: जुना कागद हातात आला की तो कोणी आणि का ठेवला हे आधी विचारावं, त्यात काय लिहिलंय ते मग वाचावं. हा क्रम उलटा झाला की आपण फसतो.

सुरुवात थोडी मागून करतो. इंग्रजी भाषेतलं सर्वांत जुनं म्हणून मानलं जाणारं व्हॅलेंटाइन पत्र १४७७ सालच्या फेब्रुवारीतलं आहे. नॉर्फोकमधल्या मार्जरी ब्रूज या तरुणीने जॉन पास्टनला ते कारकुनाकडून लिहवून घेतलं. आज ते ब्रिटिश लायब्ररीत आहे. त्यात ती त्याला आपला व्हॅलेंटाइन म्हणते, आणि लगेच हुंड्यावर येते. वडील ठरल्यापेक्षा जास्त द्यायला तयार नाहीत. तुझं माझ्यावर प्रेम असेल तर तेवढ्यावरून मला सोडू नकोस, असा तिचा आशय आहे. पुढे दोघांचं लग्न झालं. पण हे पत्र टिकलं ते प्रेमपत्र म्हणून नव्हे. पास्टन घराणं जमिनीजुमल्याच्या भांडणांत आणि कोर्टकचेऱ्यांत पिढ्यान्‌पिढ्या अडकलेलं होतं. अशा घरात कागद जपावेच लागतात. त्या दप्तरासोबत मार्जरीचं मन आपल्यापर्यंत पोचलं. ज्या घरांत भांडायला जमीन नव्हती, तिथल्या मुलींनी काय लिहिलं असेल ते आपल्याला कुठेही वाचायला मिळत नाही.

आता पडद्यावर जे दिसतं आहे ते यॉर्कच्या कॅसल म्युझियममधलं पत्र. छापील व्हॅलेंटाइनांपैकी सर्वांत जुनं म्हणून हे ओळखलं जातं. लंडनच्या मिनरीज भागातल्या जॉन फेअरबर्न या प्रकाशकाने ते छापलं. वरची चित्रं पाहा: मदन, कबुतरं, फुलं. रंग हाताने भरलेले आहेत. कागदाला बारीक भोकं पाडून जाळीचा आभास आणला आहे आणि काठाने एक गोडसं कडवं छापलं आहे. प्रकाशनाची तारीखही छापलेली आहे: १२ जानेवारी १७९७. प्रकाशकाने ती हौसेने घातलेली नाही. चित्रकार विल्यम होगार्थने खटपट करून १७३५ साली खोदकामाच्या चित्रांना हक्कसंरक्षण देणारा कायदा करवून घेतला, त्यात ठशावर मालकाचं नाव आणि तारीख घालण्याची अट होती. त्या अटीमुळे आज आपल्याला महिना आणि दिवसही कळतो, आणि दुकानदार हंगामाची तयारी महिनाभर आधी करत होते हेही कळतं.

पण खरी गोष्ट आतल्या हस्ताक्षरात आहे. कॅथरिन मॉसडे नावाच्या मुलीने हे पत्र कुणा ब्राउनला पाठवलं. काठावरच्या कडव्यात सगळा आनंदीआनंद आहे. आत ती लिहिते, त्याचा मतलब असा: मी तुम्हाला वारंवार बोलावूनही तुम्ही येत नाही, त्याला काही तरी कारण असणार, मला तुमच्याशी महत्त्वाचं बोलायचं आहे, तेव्हा येत्या रविवारी नक्की या. एकाच कागदावर दोन आवाज आहेत. छापलेला आवाज बाजाराचा आहे आणि शाईने लिहिलेला एका बाईचा. पहिल्यात कुठेही घाई नाही, दुसऱ्यातला धीर सुटत चालला आहे. तिला काय बोलायचं होतं, ब्राउन त्या रविवारी आला का, हे कागद सांगत नाही. त्या काळात तयार कडव्यांच्या पुस्तिकाही मिळत. ज्यांना स्वतःला सुचत नसे ते त्यांतून उतरवून काढत. म्हणून व्हॅलेंटाइनावरच्या कवितेवरून पाठवणाऱ्याच्या भावनेचं माप काढायला जाऊ नये. कविता विकत घेतलेली असते. हस्ताक्षर, खाडाखोड, पत्ता, घडी यांतून मात्र तो माणूस दिसू लागतो.

हा सगळा व्यवहार खऱ्या अर्थाने फोफावला तो टपालामुळे. १८४० पूर्वी ब्रिटनमध्ये पत्राचा दर अंतरावर आणि कागदाच्या संख्येवर ठरत असे, आणि पैसे बहुधा पत्र घेणाऱ्याने भरायचे. पाकीट म्हणजे आणखी एक कागद, म्हणजे जादा पैसे. म्हणून लोक पत्रालाच घडी घालून बाहेरच्या बाजूला पत्ता लिहीत. टपालसुधारक रोलंड हिलच्या खटपटीने १० जानेवारी १८४० पासून अर्ध्या औंसाला एक पेनी हा सरसकट दर सुरू झाला. ६ मे १८४० पासून पेनी ब्लॅक हे तिकीट वापरात आलं. दर आता वजनावर ठरू लागल्याने पाकिटाला मोकळीक मिळाली, आणि पाकिटंही नक्षीदार निघू लागली. १८४५ साली पाकिटं घडी करणाऱ्या यंत्राचं पेटंट निघालं. १८५० च्या दशकात रस्त्यावर टपालपेट्या उभ्या राहिल्या.

पाठवणाऱ्याने आधी पैसे भरायचे आणि पत्र पेटीत टाकून निघून जायचं, या दोन गोष्टींमुळे निनावी पत्र पाठवणं अगदी सोपं झालं. निनावीपणा हा व्हॅलेंटाइनाच्या रिवाजाचा भागच होता. डिकन्सच्या ‘पिकविक पेपर्स’मधला सॅम वेलर सोनेरी कडांचा कागद आणून मोठ्या कष्टाने पत्र लिहितो आणि खाली सही करतो ती आपल्या मालकाच्या नावाची. टॉमस हार्डीच्या १८७४ सालच्या ‘फार फ्रॉम द मॅडिंग क्राउड’मध्ये बॅथशिबा थट्टेने एका गंभीर शेजाऱ्याला निनावी व्हॅलेंटाइन धाडते, त्याच्या लाखेच्या मोहरेवर लग्नाची मागणी असते, आणि त्या एका थट्टेतून कादंबरीतला खून घडतो. हार्डीच्या वाचकांना यात काही अचाट वाटलं नसणार. पेनीभर किमतीचा कागद माणसाचं आयुष्य हलवू शकतो, हे त्यांनी आजूबाजूला पाहिलेलं होतं.

आता कारागिरीकडे वळू. व्हिक्टोरियन व्हॅलेंटाइन म्हटलं की डोळ्यांपुढे येते ती कागदी जाळी. लंडनच्या फ्लीट स्ट्रीटवरची डॉब्ज ही उठावाची छपाई करणारी मोठी पेढी. पोलादी ठशावर कागद दाबून फुलं, वेली, महिरपी उठवून काढायच्या, हे त्यांचं काम. सांगतात ते असं की, १८३४ च्या सुमारास जोसेफ ॲडनब्रुक या कारागिराने उठावाचे उंचवटे कानशीने घासून पाहिले. घासलेल्या जागी कागद पातळ होत होत भोक पडलं आणि उठावाची जाळी झाली. पुढे जोसेफ मॅन्सेल, जॉर्ज मीक अशा कितीतरी नावांनी हा धंदा वाढवला. जर्मनीतून रंगीत शिळाछापाची कापीव चित्रं येऊ लागली. युजिन रिमेल या अत्तरवाल्याने सुगंधी पुड्या घातलेली व्हॅलेंटाइन विकायला काढली. पेनीच्या कागदापासून श्रीमंतांनाच परवडतील अशा पेट्यांपर्यंत सगळं बाजारात आलं.

त्यातला एक प्रकार जरा जवळून पाहू. कागदाच्या मधोमध एक गोल चकती आहे, तिच्यावर फुलांचं चित्र. चकतीच्या केंद्रात दोरा ओवलेला आहे. दोरा हलकेच वर ओढला की चकती उलगडत उठते, कारण कापणाऱ्याने तिला एकाआड एक, वर्तुळाच्या रेषेत, बारीक चिरा दिलेल्या असतात. कोळ्याच्या जाळ्यासारखा उंच पिंजरा तयार होतो आणि त्याच्या आडून खालचं दुसरं चित्र दिसतं: एखादं जोडपं, एखादं देऊळ. दोरा सोडला की फुलं परत जागेवर. एकही चीर चुकली तर सगळं फाटतं. ज्या व्हॅलेंटाइनाची जाळी आज शाबूत आहे ते फार वेळा उघडलं गेलं नसणार, आणि ज्याचा दोरा तुटलेला, चिरा विस्कटलेल्या, ते कुणी तरी पुन्हापुन्हा उघडून पाहिलेलं असू शकतं. संग्राहक पहिल्याला जास्त किंमत देतो. अभ्यासकाने दुसऱ्याकडे अधिक वेळ द्यावा असं मला वाटतं.

जाळीदार व्हॅलेंटाइन समोर आलं की ते वाचायची एक रीत आहे. प्रथम दिवा बाजूला, कागदाच्या पातळीत धरायचा. तिरप्या उजेडात उठावाच्या काठात लपलेली इवली अक्षरं दिसतात, बहुतेकदा खालच्या किनारीच्या नक्षीत. तिथे डॉब्ज किंवा मॅन्सेल किंवा मीक हे नाव असतं. डॉब्जच्या पेढीचे भागीदार बदलत गेले तसं हे नावही बदललं, त्यामुळे नेमकी अक्षरं काय आहेत यावरून काळ ठरवता येतो. मग कागद उजेडासमोर धरायचा. आतल्या कोऱ्या पानाला जलचिन्ह असेल तर व्हॉटमनसारख्या गिरणीचं नाव आणि पुष्कळदा सालही दिसतं. १७९४ च्या एका करविषयक कायद्यापासून इंग्लिश कागदात साल घालायची पद्धत रुजली होती. पण या सालाचा अर्थ नीट घ्यायला हवा. १८३८ हे साल सापडलं तर पत्र १८३८ च्या आधीचं नाही एवढंच सिद्ध होतं. दुकानदाराच्या फडताळात कोरा कागद वर्षानुवर्षं पडून असे. ठशाचं नाव, कागदाचं साल, टपालशिक्का आणि चिकटवलेलं चित्र या चार गोष्टी चार वेगळ्या तारखा सांगतात. चौघींचं जुळलं तर आनंदच. नाही जुळलं तर का जुळत नाही हे शोधणं हेच काम.

कधी कारण सरळ असतं, जुना साठा नव्या सजावटीसह विकलेला असतो. कधी मात्र नंतरच्या काळात कुणी विक्रेत्याने तुटक्या तुकड्यांतून एक धड पत्र उभं केलेलं असतं. १८४० च्या दशकातली जाळी आणि तिच्यावर १८८० च्या दशकातलं कापीव चित्र असं दिसलं की चिकटवलेल्या जागेकडे नीट पाहावं. शेवटी कागद उलटून मागची बाजू पाहायची. तिथे पत्ता असतो, पेन्सिलीने लिहिलेली किंमत असते, कधी पाठवणाऱ्याच्या नावाबद्दल मुलीने केलेला अंदाजही असतो. एकोणिसाव्या शतकात चित्रं वहीत चिकटवायचा छंद घरोघर होता, आणि त्या खळीने असंख्य मागच्या बाजू कायमच्या झाकून टाकल्या.

आता अटलांटिकपलीकडे जाऊ. अमेरिकेतल्या मॅसॅच्युसेट्स राज्यात वूस्टर नावाचं शहर आहे. तिथल्या कागद आणि पुस्तकांच्या दुकानदाराची मुलगी एस्थर हॉवलंड, जन्म १८२८. माउंट होल्योक इथून ती १८४७ साली शिकून बाहेर पडली. एक इंग्लिश व्हॅलेंटाइन तिच्या हाती आलं आणि आपण याहून चांगलं करू शकू असं तिला वाटलं. जाळीचा कागद, रंगीत कागद, चित्रं मागवून तिने नमुने केले आणि भावाने ते विक्रीच्या फेरीवर बरोबर नेले. पुढे सांगितली जाणारी गोष्ट अशी की तिला दोनशे डॉलरच्या मागणीची आशा होती आणि भाऊ पाच हजारांची घेऊन आला. आकडा कमी-जास्त असेल, पण धंदा जमला हे नक्की. तिने घरातच काम मांडलं. लांब टेबलाशी मुली बसत. एकीने चित्रं कापायची, दुसरीने पार्श्वभूमी लावायची, तिसरीने जाळी बसवायची. घरून काम करणाऱ्या बायकांना सामानाचे खोके दिले जात आणि तयार माल गोळा केला जाई. जाळीखाली रंगीत झिलईच्या कागदाची चकती घालून नक्षी खुलवायची, ही तिच्या कामाची खूण. मागे एक छोटं लाल एच अक्षर असे. १८७० मध्ये तिने न्यू इंग्लंड व्हॅलेंटाइन कंपनी स्थापली. सुमारे दहा वर्षांनी वडिलांच्या आजारपणात तिने धंदा जॉर्ज व्हिटनी यांना विकला. व्हिटनींच्या कंपनीचं काम १९४२ साली, युद्धकाळातल्या कागदटंचाईत थांबलं. एस्थर १९०४ साली वारली. तिने लग्न केलं नव्हतं.

तिला अमेरिकन व्हॅलेंटाइनची जननी म्हणतात. पण न्यूयॉर्कचा टी. डब्ल्यू. स्ट्राँग १८४० च्या दशकातच व्हॅलेंटाइन विकत होता, आणि वूस्टरजवळच्या ग्रॅफ्टनचा जोथम टॅफ्टही या धंद्यात होता. मग नाव एस्थरचंच का राहिलं? तिचं काम उत्तम होतं, हे एक कारण. दुसरं कारण आपल्या विषयाच्या गाभ्याचं आहे. तिने आपल्या मालावर खूण केली होती. तिची गोष्ट वर्तमानपत्रांनी लिहून ठेवली. आणि तिच्याच गावात १८१२ पासून अमेरिकन अँटिक्वेरियन सोसायटी उभी होती, जी छापील कागदाचा कण न्‌ कण गोळा करत होती. तिथे आज तिच्या पत्रांचा मोठा संग्रह आहे. ज्यांच्या हातून हजारो जाळ्या चिकटल्या त्या टेबलावरच्या मुलींनी मात्र कुठे अक्षर उमटवलेलं नाही. डिकन्सच्या ‘ऑल द इयर राउंड’ साप्ताहिकात १८६४ च्या फेब्रुवारीत लंडनमधल्या अशाच एका कारखान्याचं वर्णन आलं होतं. तिथेही कामाच्या खोल्या बायका-मुलींनी भरलेल्या, आणि तिथेही त्यांची नावं नाहीत. आपण ज्याला प्रेमाचा कागद म्हणतो तो प्रेम करणाऱ्याच्या हातात पडण्याआधी रोजावर काम करणाऱ्या अनेक हातांतून गेलेला असतो. चिकटवलेली चकती किंचित तिरकी बसली असेल तर त्या तिरकेपणातच त्यांच्यापैकी एकीचा हात आपल्याला दिसतो, आणि तो पाहणं आपलं कर्तव्य आहे.

याच काळातलं एक पत्र कुठल्याही कारखान्यात झालेलं नाही. अमेरिकेच्या यादवी युद्धात दक्षिणेच्या बाजूने लढणाऱ्या रॉबर्ट किंग या सैनिकाने छावणीत बसून खिशातल्या चाकूने कागद कापून ते बायकोसाठी केलं. घडीत असताना नुसती भोकं दिसतात. उलगडलं की समोरासमोर बसलेलं एक जोडपं दिसतं, आणि दोघांच्या डोळ्यांत अश्रू. तो युद्धातून परत आला नाही. बायकोने कागद सांभाळला आणि आज तो व्हर्जिनियातल्या रिचमंडच्या संग्रहालयात आहे. हा कागद कोणी ठेवला, का ठेवला, याचं उत्तर इथे कुणाला विचारावं लागत नाही.

आता उलटी बाजू. जे व्हॅलेंटाइन ठेवावंसंच वाटणार नाही अशीही लाखांनी छापली जात. त्या काळी त्यांना विनोदी व्हॅलेंटाइन म्हणत. ‘व्हिनेगर व्हॅलेंटाइन’ हे नाव पुढे संग्राहकांनी दिलं. एक साधा पातळ कागद, भडक रंगांत एखादं व्यंगचित्र, खाली चार ओळींची खरमरीत शिवीगाळ. शिंपी, स्वयंपाकीण, दुकानातला पोऱ्या, नाटकी तरुण, दारुडा, अविवाहित प्रौढा, अशा प्रत्येकासाठी वेगळं चित्र मिळे. पुढे सायकल चालवणाऱ्या आणि मताचा हक्क मागणाऱ्या बायकांचा नंबर लागला. पाठवणारा निनावी. ते पेनीत मिळायचं आणि पेनीत जायचं. न्यूयॉर्कच्या मॅक्लॉफ्लिन बंधूंसारख्या मोठ्या छापखान्यांनी ती काढली.

अशी पत्रं ज्यांना आली त्यांनी काय केलं असेल? फाडली, चुलीत घातली. आपल्या नाकावर, वयावर, गरिबीवर केलेली टवाळी ट्रंकेच्या तळाशी रेशमी फितीत बांधून कोण ठेवील? म्हणूनच आज जी विनोदी व्हॅलेंटाइन मिळतात त्यांतली पुष्कळशी कोरी आहेत: पत्ता नाही, घडी नाही, शिक्का नाही. ती विकली न गेलेल्या मालातून, नमुन्यांच्या वह्यांतून वाचली. गोड पत्रं मात्र घरांतून आली. संग्रहालयाच्या फडताळात गोड पत्रांचा ढीग मोठा आणि कडू पत्रांचा लहान दिसतो तो पाठवलेल्या पत्रांचं प्रमाण सांगत नाही. तो ठेवलेल्या पत्रांचं प्रमाण सांगतो. या एका भेदाकडे दुर्लक्ष केल्यामुळे व्हिक्टोरियन काळ हा जाळीफुलांचा, सभ्य प्रेमाचा काळ असं गुळगुळीत चित्र तयार झालं. टिकलेल्या कागदाला आपण नकळत त्या काळाचा प्रतिनिधी नेमतो, पण त्याची निवड कुणी केली ते पाहत नाही.

लंडनचं उदाहरण घेऊ. लंडन म्युझियममध्ये सतराशेहून अधिक व्हॅलेंटाइन आहेत. ती आली जोनाथन किंग याच्याकडून. १८३६ साली जन्मलेला हा गृहस्थ इस्लिंग्टनमधल्या एसेक्स रोडवर दुकान चालवत असे. स्वतः व्हॅलेंटाइन बनवणारा, विकणारा आणि ध्यासाने गोळा करणारा. त्याची पत्नी एमिली हिचाही या कामात वाटा होता. हा संग्रह म्हणजे खजिनाच आहे, पण तो धंदेवाल्याचा खजिना आहे. काय बनत होतं, ठसे कोणते होते, फॅशन कशी बदलली हे पाहायला याहून चांगली जागा नाही. कोणी कुणाला पाठवलं आणि मिळाल्यावर काय झालं, हे मात्र त्यातल्या न वापरलेल्या कागदाला विचारता येत नाही. त्यासाठी कॅथरिन मॉसडेसारखं शाईने भरलेलं पत्रच हवं. मँचेस्टर मेट्रोपॉलिटन विद्यापीठातला लॉरा सेडन संग्रह हजारो शुभेच्छापत्रांचा आहे, पण त्यात नाताळाचं पारडं जड आणि व्हॅलेंटाइन थोडी. १८४३ साली हेन्री कोलने पहिलं नाताळ कार्ड काढलं, आणि शतक संपता संपता नाताळाने व्हॅलेंटाइनला मागे टाकलं. तो बदलही अशा संग्रहांच्या वजनात उतरला आहे.

या सगळ्या अभ्यासाला प्रतिष्ठा मिळवून देणाऱ्या एका माणसाचं नाव घेतल्याशिवाय पुढे जाता येत नाही. जॉन जॉन्सन, जन्म १८८२. पहिल्या महायुद्धाआधी तो इजिप्तमध्ये पपायरसांचा शोध घेत होता. प्राचीन नगरांच्या उकिरड्यांतून मातीत गाडलेले कागद बाहेर काढायचे, त्यांतून पावत्या, हिशेब, खासगी पत्रं वाचायची. दोन हजार वर्षांपूर्वीच्या माणसांनी टाकून दिलेलं आपण एवढ्या कष्टाने शोधतो, मग आपल्याच काळातलं टाकून दिलेलं का जपत नाही, असा विचार त्याच्या मनात रुजला. पुढे १९२५ ते १९४६ तो ऑक्सफर्ड विद्यापीठाच्या छापखान्याचा प्रमुख होता. त्या वर्षांत त्याने तिकिटं, जाहिराती, हँडबिलं, शुभेच्छापत्रं, लेबलं यांचा प्रचंड साठा जमवला. १९६८ साली तो साठा बॉडलियन ग्रंथालयात गेला. १९७५ साली मॉरिस रिकर्ड्सने लंडनमध्ये अशा किरकोळ कागदांसाठी एफेमेरा सोसायटी काढली आणि रेडिंग विद्यापीठात या विषयाचं केंद्रही झालं. एकेकाळी छंद समजला जाणारा उद्योग आज रीतसर विद्याशाखा झाला आहे.

आपल्याकडचा धागा ओढूनताणून आणायची गरज नाही. व्हॅलेंटाइनवरची कापीव चित्रं ज्या रंगीत शिळाछापाने निघत, त्याच तंत्राची लेबलं मँचेस्टरच्या गिरण्यांच्या कापडावर चिकटून मुंबईच्या गोदीत उतरत होती. ताग्यावरचं चित्र बघून गिऱ्हाईक माल ओळखत असे. त्यांवर हत्ती, देवदेवता, राजे असत, आणि कापड संपलं तरी ते चित्र घराच्या भिंतीवर राही. १८९४ साली मुंबईत राजा रविवर्म्याने छापखाना काढला तेव्हा जर्मन यंत्रं आणि जर्मन कारागीर आले. पुढे फ्रिट्झ श्लायशर यांनी तो चालवला. त्या छापखान्याची लक्ष्मी-सरस्वतीची चित्रं घरी नेऊन त्यांवर जर, टिकल्या आणि कापड चिकटवून सजवली जात. त्याही आधी गणपत कृष्णाजींनी १८३१ साली मुंबईत पहिलं छापील मराठी पंचांग काढलं. पंचांग हा तर वर्ष सरलं की टाकायचाच कागद. म्हणून आपल्या छपाईच्या आरंभाच्या खुणा शोधायला जुन्या घरांतल्या रद्दीकडे वळावं लागतं.

कागद टिकण्याबद्दलही थोडं बोलायला हवं, कारण निवड फक्त माणसं करत नाहीत. एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धातला कागद चिंध्यांचा आहे, म्हणून तो आजही लवचीक आहे. चिंध्या पुरेनात तेव्हा आधी एस्पार्टो गवत आणि मग लाकडाचा लगदा आला. १८६१ साली ब्रिटनमध्ये कागदावरचा कर उठला आणि स्वस्त कागदाचा पूर आला. लाकडाच्या लगद्याचा कागद आम्लाने आतून खाल्ला जातो, पिवळा पडतो, घडीवर तुटतो. म्हणजे पूर्वार्धातलं जाळीदार पत्र धड आणि १८९० चं विनोदी व्हॅलेंटाइन चुरगळलेलं, असा उलटा प्रकार दिसतो. गरिबाला आलेला कागद मुळातच अल्पायुषी होता. त्याला माणसांनीही ठेवलं नाही आणि रसायनांनीही.

शेवटी एक मागणं. इथे बसलेल्यांपैकी कितीतरी जण येत्या काही वर्षांत आईवडिलांचं घर आवरणार आहेत. कपाटात लग्नपत्रिका, रेशन कार्डं, दिवाळीची भेटकार्डं, गिरणीच्या पगाराच्या चिठ्ठ्या, निवडणुकीची पत्रकं, निनावी पत्रं सापडतील. फेकायच्या आधी ती कुठे, कशाबरोबर सापडली ते वेगळ्या कागदावर पेन्सिलीने लिहून ठेवा. एकदा गठ्ठा विस्कटला की कागद मुका होतो. सेलोटेप लावू नका, लॅमिनेशन करू नका, आणि मागची बाजू कधीही झाकू नका. सांभाळता येत नसेल तर जवळच्या ग्रंथालयाला विचारा, आणि ग्रंथालयांच्या चालकांनो, तुम्ही नाही म्हणू नका. त्यात जे कागद लाजिरवाणे वाटतील, भांडणाचे, टवाळीचे, एखाद्या शेजाऱ्याने रागाने लिहिलेले, ते आधी बाजूला काढून जाळण्याचा मोह होईल. तेच ठेवा. नावं झाकायची असतील तर पन्नास वर्षं पाकीट बंद ठेवा, पण ठेवा. आपण फक्त देखणे कागद मागे ठेवले तर दीडशे वर्षांनंतरच्या अभ्यासकाला वाटेल की मराठी माणसं एकमेकांशी नुसतं गोड बोलत होती. आणि त्याला आपल्याबद्दल खरं काय ते कळायचा मार्ग आपणच बंद केलेला असेल.